मुसाफिरांच्या खुणांचे शहर

मोडनिंब हे वाटेवरचे गाव. पुणे-सोलापूर महामार्ग इथून जातो, कुर्डुवाडी-मिरज रेल्वेमार्गावर गावाचे स्टेशन आहे आणि पंढरीची वाटही इथून फार लांब नाही. अशा गावाला अनोळखी माणसाचे नवल वाटत नाही. रमजानमध्ये सूर्य कलू लागला, की महामार्गावरून जाणारा एखादा ट्रकचालक किंवा बायकामुलांसह निघालेला प्रवासी रोजा सोडण्यासाठी गाडी बाजूला घेतो. खजूर, पाणी, कापलेली फळे, भजी त्याच्यापुढे येतात. तो कुठला, कुणाचा, ही चौकशी नंतर होते. कधी होतही नाही.

मुसाफिराची ही कदर इस्लामच्या शिकवणीतच आहे. प्रवासात असलेल्याला रोजा न ठेवण्याची सवलत आहे. सुटलेले रोजे त्याने नंतर पूर्ण करायचे. चार रकातींची फर्ज नमाज त्याच्यासाठी दोन रकातींची होते. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांत वाटेत अडलेला प्रवासीही येतो. घरी तो सधन असेल, पण परक्या गावात त्याच्याजवळ काही उरले नसेल, तर त्याचा तो हक्क ठरतो. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला त्या रोज्याइतकाच सवाब मिळतो, अशी श्रद्धा आहे.

मुसाफिराला जागा देणे आणि मुसाफिराने त्या जागेची जाण ठेवणे या दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या, तर दक्षिण चीनमधले ग्वांगझू हे शहर पाहावे. जुन्या पुस्तकांत याचे नाव कँटन असे आहे. पर्ल नदीच्या मुखाजवळचे हे बंदर निदान दोन हजार वर्षांपासून दर्यावर्दी लोकांचे ठिकाण आहे. इथली घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतात. मोडनिंबमध्ये असरची अजान व्हायची असते, तेव्हा ग्वांगझूचे रोजेदार इफ्तारला बसलेले असतात. किबला मात्र दोन्हीकडे पश्चिमेलाच.

मिनार आणि दीपगृह

शहराच्या जुन्या युएशिऊ भागात ह्वायशेंग मशीद आहे. 'ह्वायशेंग' म्हणजे 'पवित्र पुरुषाचे स्मरण', अर्थात पैगंबरांचे स्मरण. चीनमधल्या सर्वांत जुन्या मशिदींत तिची गणना होते. दरवाजे आणि छपरे चिनी वळणाची आहेत, कौलांच्या कडा वर वळलेल्या आहेत. आवारात चंद्रदर्शनासाठी बांधलेला एक छोटा मनोरा आहे. रमजान आणि ईदचा चाँद पाहण्यासाठी आपल्याकडे लोक गच्चीवर जमतात, तशीच ही सोय.

पण नजर खिळते ती तिच्या मिनारावर. सुमारे ३६ मीटर उंच, गोल, गुळगुळीत, पांढरा. चिनी पॅगोड्याशी त्याचे काही साम्य नाही. आतून दोन वळणदार जिने वर जातात. लोक त्याला 'ग्वांगथा' म्हणतात, म्हणजे प्रकाशाचा मनोरा. पूर्वी नदीचे पात्र याच्या बरेच जवळ होते आणि रात्री वर लावलेला दिवा जहाजांना वाट दाखवत असे, असे सांगितले जाते. अजानसाठी बांधलेला मिनार असा खलाशांच्या कामी आला. त्या खलाशांत मुसलमान होते, तसे हिंदू, बौद्ध आणि चिनीही असणार. दिवा काही धर्म विचारून उजेड देत नाही.

बाराव्या शतकाच्या शेवटी युए के नावाचा एक चिनी लेखक लहानपणी या शहरात राहिला होता. त्याने या मनोऱ्याविषयी लिहून ठेवले आहे. जहाजे येण्याचा हंगाम आला, की परदेशी व्यापारी मनोऱ्यावर चढून दक्षिणेच्या वाऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करत. मोडनिंबचा शेतकरी मृगाच्या तोंडावर ज्या मोसमी वाऱ्याकडे डोळे लावून बसतो, त्याच वाऱ्यावर अरबस्तान आणि हिंदुस्थानची जहाजे चीनला पोहोचत. मनोऱ्याच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारा सोन्याचा कोंबडा होता. एका चोराने त्याचा एक पाय कापून नेला आणि दांडे काढलेल्या दोन छत्र्या धरून तो वरून खाली उतरला, ही गंमतही युए केनेच नोंदवली आहे.

ही मशीद नक्की कधीची, यावर मतभेद आहेत. चिनी मुसलमानांच्या परंपरेनुसार ती सातव्या शतकातली, खुद्द पैगंबरांच्या काळातली. इतिहासकार तिला त्यानंतरची मानतात. चौदाव्या शतकात ती आगीत जळाली आणि १३५० मध्ये पुन्हा उभी राहिली. १६९५ मध्ये पुन्हा बांधकाम झाले. नमाजचा आजचा दालनभाग १९३५ चा आहे. वास्तू नवी होत गेली, जागा मात्र सुटली नाही.

खानफू आणि मळखेड

अरब व्यापारी या शहराला 'खानफू' म्हणत. इसवी सन ८५१ च्या सुमारास अरबी भाषेत चीन आणि हिंदच्या हकिगतींचा एक ग्रंथ तयार झाला. सुलैमान नावाच्या व्यापाऱ्याशी तो जोडला जातो. त्यात म्हटले आहे, की खानफूमधल्या मुसलमानांचे तंटे सोडवण्यासाठी चीनच्या राजाने त्यांच्यातल्याच एकाला नेमले होते. ईदची नमाज तोच पढवत असे आणि खुतबाही तोच देत असे. परक्या देशातून आलेल्या लोकांना व्यापाराबरोबर आपला धर्म आणि आपला न्यायही जपता येत होता.

सोलापूरकरांना जवळची वाटावी अशी गोष्ट याच ग्रंथात पुढे येते. हिंदमधल्या राजांत सर्वांत श्रेष्ठ म्हणून तो 'बल्हरा'चे नाव घेतो आणि अरबांवर त्याच्याइतकी माया करणारा दुसरा राजा नाही, असे सांगतो. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट घराण्याचा सम्राट. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. त्या वेळी गादीवर अमोघवर्ष होता. त्याने साठ वर्षांहून अधिक काळ राज्य केले. बल्हरा राजांना दीर्घ कारकीर्द लाभते ती अरबांवरील प्रेमामुळे, असे त्यांची प्रजा मानते, अशी नोंदही त्या ग्रंथात आहे.

पुढे हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, इतिहासकार अल मसूदी कोकणात चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे आणि त्यांचा मुखिया राजाने नेमल्याचे त्याने लिहिले आहे. जी व्यवस्था खानफूमध्ये होती, तीच चौलमध्येही होती.

पाहुण्याने त्या विश्वासाची परतफेड कशी केली, याचा पुरावा पालघर जिल्ह्यात मिळाला. चिंचणी इथे सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात संजाण भागाच्या मुस्लिम अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. संस्कृत लेखात त्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे. अभ्यासक ते 'मुहम्मद'चे रूप मानतात. राष्ट्रकूट राजाच्या वतीने तो कारभार पाहत होता. त्याने प्रवाशांसाठी मोफत नावा सुरू केल्या, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र उघडले आणि देवीच्या मठाला जमीन दान देण्याची व्यवस्था केली. हे सारे अकराशे वर्षांपूर्वीचे, आपल्याच महाराष्ट्रातले.

जागा हिरावली जाते तेव्हा

ग्वांगझूच्या इतिहासात सारे गोड नाही. ८७८-७९ मध्ये ह्वांग चाओ या बंडखोराने शहर जिंकले आणि परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली. सिराफच्या अबू झैद याने लिहिले आहे, की त्यात मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आणि अग्निपूजक पारशी, सारेच मारले गेले. त्याने दिलेला एक लाखाच्या वरचा आकडा इतिहासकार जसाच्या तसा मान्य करत नाहीत, पण संहार मोठा होता याबद्दल शंका नाही. अबू झैद आणखी एक गोष्ट सांगतो. बंडखोरांनी तुतीची झाडे तोडली. तुती गेली तसे रेशमाचे किडे गेले आणि अरब देशांकडे येणारे रेशीम बंद झाले.

सोलापूरसारख्या मागाच्या शहराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांना मारून शहराच्या हाती काही लागले नाही. त्याच्या आपल्या लोकांचाच रोजगार गेला. पुढे व्यापारी परत आले, कारण शहराने पुन्हा दार उघडले. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबाद आणि नंदुरबार पाहून पुढे चीनला गेला. ग्वांगझूमध्ये मुसलमानांची वेगळी वस्ती, जामा मशीद, बाजार आणि काझी असल्याचे त्याने सांगितले आहे.

कबर कुणाची?

मशिदीच्या उत्तरेला, युएशिऊ उद्यानाच्या बाजूला, झाडांच्या सावलीत एक जुनी कबर आहे. वर घुमट आहे. आत बोललेला शब्द घुमतो, म्हणून तिला 'नादाची कबर' असेही म्हणतात. शेजारी मशीद आहे. शुक्रवारी चिनी मुसलमानांबरोबर आफ्रिका, अरबस्तान आणि भारतीय उपखंडातून आलेले व्यापारी इथे नमाजला गर्दी करतात.

ही कबर हजरत साद इब्न अबी वक्कास यांची, अशी चिनी मुसलमानांची श्रद्धा आहे. हजरत साद हे पैगंबरांचे सहाबी, म्हणजे सोबती, आणि त्यांच्या आईच्या कुळातले. चीनमध्ये इस्लाम त्यांनीच आणला, असे इथली परंपरा सांगते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. हजरत साद यांनी इराणच्या मोहिमेचे नेतृत्व केले, कूफा शहर वसवले आणि मदिनेजवळ त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मदिनेच्या जन्नतुल बकी कब्रस्तानात झाले. ते चीनला गेल्याचा उल्लेख जुन्या अरबी साधनांत नाही.

मग श्रद्धा खोटी म्हणायची, की इतिहास नाकारायचा? आपल्याकडच्या अनेक दर्ग्यांबाबत आणि समाध्यांबाबत हाच प्रश्न येतो. एकाच संताची समाधी दोन गावांत दाखवली जाते आणि दोन्ही गावांत तितक्याच मनोभावे फुले वाहिली जातात. ग्वांगझूच्या त्या जागेचे चिनी नाव या बाबतीत शहाणपणाचे आहे. ते नाव आहे 'आद्य सत्पुरुषाची प्राचीन कबर'. त्यात व्यक्तीचे नाव नाही. कुणीतरी पहिला मुसाफिर समुद्र ओलांडून आला, इथल्या लोकांनी त्याला आपले मानले आणि त्याच्या मातीची राखण केली, एवढे त्या नावात येते आणि तेवढे खरे मानायला अडचण नाही.

ज्ञान मिळवायला चीनपर्यंत जावे लागले तरी जा, या अर्थाचे वचन हदीस म्हणून सर्वत्र सांगितले जाते. हदीसचे अभ्यासक त्याची सनद कमजोर मानतात. वचनाचा आदर ठेवून त्याची सनद तपासणे हीसुद्धा इस्लामी विद्येची जुनी रीत आहे. श्रद्धा आणि चौकशी एकमेकांच्या वैरी नाहीत.

हिंदुस्थानातून आलेले भिक्षू

मशिदीपासून चालत काही मिनिटांवर लिऊरोंग हे बौद्ध मंदिर आहे. 'लिऊरोंग' म्हणजे सहा वड. सन ११०० मध्ये कवी सू तुंगपो इथे आला आणि आवारातले वड पाहून त्याने हे नाव लिहून दिले. मंदिराचा ५७ मीटर उंच मनोरा 'फुलांचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. फुलांचा मनोरा बौद्धांचा, प्रकाशाचा मनोरा मुसलमानांचा, आणि दोन्ही जुन्या शहराची ओळख.

तिथून थोड्याच अंतरावर ग्वांगशाव मंदिर आहे. शहरातल्या बौद्ध स्थळांत ते सर्वांत जुने. काश्मीरहून आलेल्या धर्मयशस् या भिक्षूचे नाव त्याच्या आरंभाशी जोडले जाते. उज्जैनचा परमार्थ सन ५४६ मध्ये समुद्रमार्गे याच बंदरात उतरला, संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरे करत राहिला आणि ५६९ मध्ये इथेच वारला. आवारातला बोधिवृक्ष भारतातून आणलेल्या रोपाचा, असे परंपरा सांगते. जवळच्याच ह्वालिन मंदिराच्या परिसराला 'पश्चिमेकडून आलेल्याचे पहिले पाऊल' या अर्थाचे नाव आहे. ते पाऊल बोधिधर्माचे. दक्षिण भारतातून आलेला हा भिक्षू झेन पंथाचा आद्य गुरू मानला जातो.

म्हणजे ग्वांगझूची तीर्थे पाहणारा माणूस पावलोपावली परदेशी माणसांच्याच खुणा पाहत असतो. अरब आले ते माल घेऊन, भिक्षू आले ते पोथ्या घेऊन. शहराने दोघांनाही जागा दिली आणि पुढे दोघांनाही आपले म्हटले.

तोफा आणि अफूच्या पेट्या

सगळेच पाहुणे असे नव्हते. नदीकाठी ग्रॅनाइटचे एक भव्य चर्च आहे. फ्रेंच मिशनऱ्यांनी ते १८६३ ते १८८८ या काळात बांधले. स्थानिक लोक त्याला 'दगडी घर' म्हणतात. वास्तू देखणी आहे, पण जागेचा इतिहास दुखरा आहे. तिथे चिनी सुभेदाराचा वाडा होता. दुसऱ्या अफू युद्धात तो उद्ध्वस्त झाला आणि पुढे ती जागा चर्चसाठी मिळवण्यात आली. आज तिथे चिनी ख्रिस्ती भाविक प्रार्थना करतात. दोष प्रार्थनेचा नव्हता, तोफेच्या बळावर आलेल्या पाहुण्याचा होता.

त्या अफूत मुंबईचाही वाटा होता. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांसाठी चीनचे हेच एक बंदर खुले होते. माळव्याची अफू मुंबईच्या धक्क्यावरून जहाजांत चढत असे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, ते सर जमशेटजी जीजीभाई चीनला पाच वेळा जाऊन आले होते. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अमाप संपत्ती मिळवली आणि त्यातून मोठा दानधर्मही केला. ग्वांगझूजवळच्या चांगचौ बेटावर मुंबईकडच्या पारशी व्यापाऱ्यांच्या कबरी आजही आहेत. तिथे दख्मा नव्हता, म्हणून त्यांना दफन करावे लागले. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेश्यू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यातून युद्ध पेटले, चीन हरला आणि अफू येतच राहिली.

सोलापूरचा डॉक्टर

शंभर वर्षांनी, सप्टेंबर १९३८ मध्ये, त्याच मुंबईहून निघालेले पाच भारतीय डॉक्टर हाँगकाँगमार्गे ग्वांगझूला चीनच्या भूमीवर उतरले. त्यांच्याजवळ औषधे आणि शस्त्रक्रियेचे साहित्य होते. जपानच्या आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनला मदत म्हणून राष्ट्रीय काँग्रेसने हे पथक पाठवले होते. पंडित नेहरू आणि त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांचा त्यात पुढाकार होता. नेते होते डॉ. अटल. बरोबर डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि नागपूरचे डॉ. चोळकर. पाचवे होते सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

शहरावर तेव्हा जपानी विमाने बॉम्ब टाकत होती. पथक पुढे गेले आणि महिनाभरातच, २१ ऑक्टोबर १९३८ ला, ग्वांगझू जपान्यांच्या हाती पडले. वडिलांच्या निधनाची बातमी डॉ. कोटणीस यांना परदेशातच कळली. ते परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, उत्तरेच्या डोंगराळ युद्धभूमीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. त्यांना मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आजाराने त्यांचा अंत झाला. बाकी चौघे मायदेशी परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी न परतलेल्या त्या डॉक्टरवर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यावर चित्रपट काढला. चीनमध्ये आजही त्यांच्या समाधीवर फुले वाहिली जातात. मोडनिंबपासून तासाभराच्या अंतरावर, सोलापूरच्या भैय्या चौकात, त्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे.

त्याच बंदरात एकदा हिंदुस्थानातून अफू गेली आणि एकदा डॉक्टर गेला. यजमानाने दार उघडावे हे खरे, पण आत येणाऱ्याच्या हातात काय आहे, यावरही बरेच अवलंबून असते.

१९५७ पासून ग्वांगझूमध्ये वर्षातून दोनदा मोठा व्यापारी मेळा भरतो आणि भारतातूनही अनेक जण त्यासाठी जातात. त्यांनी एक दिवस राखून ठेवावा. शिमेनकोऊ या मेट्रो स्थानकावर उतरले, की ह्वायशेंग मशीद, लिऊरोंग आणि ग्वांगशाव ही मंदिरे पायी पाहता येतात. जुन्या कबरीसाठी युएशिऊ उद्यानाचे स्थानक जवळ आहे. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी भैय्या चौकात तरी जाऊन यावे.

आणि रमजानच्या एखाद्या संध्याकाळी मोडनिंबजवळ महामार्गाच्या कडेला एखादी अनोळखी गाडी थांबलेली दिसली, आतले कुणी घड्याळाकडे पाहत बसलेले असले, तर त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि चार खजूर ठेवावेत. ठेवणारा मुसलमानच असायला हवा, असे नाही.